तिसरा आग्रह

गुप्त्यांच्या घरात पानावर बसलेल्या माणसाला पहिल्यांदा विचारलं की त्याने 'नको' म्हणायचं, हा नियमच होता. दुसऱ्यांदा विचारलं तरीही नकोच, फक्त आवाज जरा खाली. मग वाढणारीने तिसऱ्यांदा 'बरं, माझ्यासाठी एवढं' असं म्हटलं की पानावर आडवा धरलेला हात बाजूला घ्यायचा, 'फार झालं हो' असं पुटपुटायचं आणि पोटभर हाणायचं. पहिल्याच हाकेला जो 'वाढा' म्हणाला तो हावरट. त्याचं नाव पुढच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत निघायचं.

मधुकरराव गुप्ते या नियमात लहानाचे मोठे झाले, मोठ्याचे म्हातारे झाले आणि अजूनही तो पाळत होते. पाळत होते म्हणजे काय, कप्पाळ! आता विचारायलाच कोणी उरलं नव्हतं. बायकोला, नलिनीताईंना, जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. मुलुंड पूर्वेच्या त्या घरात मधुकरराव एकटे. सकाळी बागेत फेरी, दुपारी बाहेरून येणारा डबा, संध्याकाळी टीव्ही आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीला मोठ्याने उत्तरं. ती ऐकत नाही हे त्यांना कळत होतं, अगदीच वेड नव्हतं लागलं. पण घरात माणसाचा आवाज हवा, मग तो आपला का असेना. कोणी विचारलं तर 'मजेत' म्हणायचे. मजा कसली, घर खायला उठायचं.

म्हणून गार्गीचा, म्हणजे सुनेचा, फोन आला तेव्हा त्यांच्या पायांना जरा बळ आलं. "बाबा, रविवारी दुपारी बाहेर जेवायला जाऊ या. तुमच्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय," ती म्हणाली होती. मुलगा मिहिर आणि गार्गीने नुकतंच अंधेरीला मोठं घर घेतलं होतं. त्यात एक खोली जास्तीची होती. ती कोणासाठी हे कोणी उघड बोललं नव्हतं, पण मधुकररावांनी जन्मभर विम्याच्या कंपनीत माणसं वाचली होती, त्यांना काय सांगायला लागतंय? पोरं आपल्याला राहायला बोलावणार. आठवडाभर ते मनात मांडे खात होते.

बागेतल्या बाकावर त्यांनी शिवदासच्या कानावर घातलं. शिवदास त्यांचा फेरीचा सोबती, त्यांच्याच वयाचा आणि तोंडाने फटकळ.

"विचारतील ना, तर हो म्हणून टाक लगेच," शिवदास म्हणाला. "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

"लगेच कसं रे? टपूनच बसलो होतो असं वाटेल त्यांना."

"टपूनच बसलायस ना?"

"ते वेगळं. रीत असते एक. ते विचारतील, मी नको म्हणेन. परत विचारतील, परत नको म्हणेन. मग जरा जोर करतील, तेव्हा म्हणायचं, तुमचा एवढा आग्रह असेल तर…"

"रीत घाल चुलीत," शिवदास म्हणाला आणि उठून चालायला लागला.

रविवारी मिहिरने मोबाईलवरून गाडी पाठवली. मधुकररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावून भांग पाडला. सकाळपासून चहा सोडून काही घेतलं नव्हतं. बाहेर जेवायला जायचं तर पोटात जागा ठेवून जावं, तेवढी अक्कल असलेलं खाणारं घराणं होतं ते.

हॉटेलचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला? अंधेरी पश्चिमेला, काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आत शिरलं की भिंतीवर पाट ठोकलेले. हो, बसायचे पाट, ओळीने भिंतीवर. कोपऱ्यात एक पाटा-वरवंटा, त्यावर लाईट सोडलेला. मधुकररावांनी वरवंट्याला हात लावून बघितला, तो चिकटवलेला होता. एसी असा की हाडं गारठली. टेबलाशी मिहिर उभाच होता, बापाला बघून त्याचा चेहरा उजळला.

"बाबा, मुद्दाम शोधून काढलंय हे. आपलं जेवण मिळतं इथे. सोड्याची खिचडी, वालाचं बिरडं, कानवले, सगळं. आई करायची तसं."

मधुकररावांना भरून आलं. पोराने आईच्या हातची चव शोधत अख्खी अंधेरी पालथी घातली, आणखी काय पाहिजे बापाला? पण मेनू उघडला आणि डोळे पांढरे झाले. एका खिचडीच्या किमतीत नलिनीताईंनी अख्खा श्रावण जेवू घातला असता. आणि पाणी? पाण्याची बाटली मेनूत, किमतीसकट! तहान लागली होती ती तिथेच मेली.

"बाबा, किमती बघायच्या नाहीत," गार्गी हसून म्हणाली आणि तिने मेनू त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुझी आई कशी आहे?" मधुकररावांनी विचारलं. गार्गीची आई इरावतीबाई वाकोल्याला एकट्याच राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या.

"आहे बरी. बिल्डिंग पाडायला काढलीय ना, दिवाळीपर्यंत जागा सोडायची. भाड्याने घरं बघत फिरतेय बिचारी. एकट्या बाईला पटकन देत नाहीत."

"अरेरे," मधुकरराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं, पण लक्ष सगळं पुढे काय निघतंय त्याच्याकडे होतं.

आधी सोलकढी आली. औषध द्यायच्या पेल्याएवढ्या काचेच्या नळीत, वर एक पान खोचलेलं. मधुकररावांनी एका घोटात संपवली आणि उरलेली येईल म्हणून बघत बसले. तीच सगळी होती. मग बिरडं आलं. पांढऱ्याशुभ्र बशीत मधोमध एवढासा ढीग, भोवती हिरव्या रश्शाचे ठिपके. त्यांनी एक वाल उचलला, तोंडात टाकला आणि चावायचे थांबले.

"काय झालं, बाबा?"

"सालासकट आहे."

"म्हणजे?"

"अगं, वाल सोललेच नाहीत!" मधुकररावांचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलायचा. ही सकाळ सकाळ बसायची परात घेऊन. सालासकट वाल म्हणजे… गुरांना घालतात ग!"

वेटर धावत आला. देखणा पोरगा, काळा एप्रन, कानात यंत्र. "सर, शेफ ने स्किन रखा है, फायबर के लिए," तो म्हणाला. फायबरसमोर माणूस काय बोलणार?

सोड्याची खिचडी म्हणजे काय ते ज्याने खाल्लं नाही त्याला सांगून कळायचं नाही. सुकवलेली कोलंबी, तिचा घरभर घमघमाट, शेजाऱ्यांनी नाकं मुरडावीत आणि दहा मिनिटांनी वाटी घेऊन दारात यावं. इथे पितळेच्या इवल्या वाटीतून मूद पाडलेली, वर सोडे मोजून तीन. दर्यामें खसखस! नाक अगदी जवळ नेलं तरी वास नाही. मधुकररावांनी बोटाने मीठ मागितलं, मीठ दळायच्या लाकडी खुंटीत आलं, ती काही त्यांना फिरवता आली नाही. मिहिरने उठून फिरवून दिली.

"सर, राईस और चाहिए?" वेटरने विचारलं.

"नको नको," मधुकरराव म्हणाले. सवयीने हात बशीवर आडवा धरला. हात धरेपर्यंत वेटर निघूनही गेला होता. पोटात कावळे कोकलत होते आणि बशी लख्ख रिकामी. थोड्या वेळाने दुसऱ्या पोराने येऊन तीही उचलून नेली.

"चांगलं आहे ना, बाबा?" मिहिरने विचारलं. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू परीक्षेचा निकाल लागतोय.

"छान आहे. वेगळं आहे. आजकालचं," मधुकरराव म्हणाले. पोराचं मन कशाला मोडा?

आता हा मिहिर कसा, तेही सांगायला हवं. आत्या-मावश्यांनी लहानपणी त्याला आग्रह करकरून एवढं चेपलं होतं की एका मुंजीत तो भर पंगतीत ओकला. तेव्हापासून त्याला आग्रह या गोष्टीचीच शिसारी. मोठा होऊन तो ज्या कंपनीत लागला तिथे त्याचं कामच माणसांना वागायचं कसं ते शिकवायचं. समोरचा नाही म्हणाला की नाही, परत विचारायचं नाही, हे तो पगार घेऊन लोकांना शिकवत होता. गुप्त्यांच्या पोटी असा मुलगा, आता बोला!

गोड म्हणून खाजाचा कानवला आला. एकच, त्याचे सुरीने तीन तुकडे केलेले. तो खाऊन झाला तेव्हा गार्गीने नॅपकिन घडी करून ठेवला, मिहिरकडे बघितलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली. आलं. आता आलं.

"बाबा," गार्गी म्हणाली, "आम्हाला वाटतंय तुम्ही आता आमच्याकडे राहायला यावं. कायमचं. ती खोली आहेच. तिकडे मुलुंडला एकटे काय करता तुम्ही?"

काय सांगू, त्या क्षणी त्या माणसाला एवढा आनंद झाला की रडू फुटेल असं वाटलं. उठून सुनेच्या डोक्यावर हात ठेवावा आणि आत्ताच्या आत्ता चला म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. आणि जीभ? जीभ गुप्त्यांची. ती म्हणाली, "छे छे, नको ग. मला काय मुलुंडला वाघ खातोय? मी मजेत आहे."

म्हणाले आणि मान खाली घालून बसले, चेहऱ्यावर जसं असायला हवं तसं अवघडलेलं हसू. पहिलं झालं.

मिहिरने 'बरं' म्हणून मान डोलावली. गार्गी मात्र पुढे वाकली. "खरंच नको, बाबा? मनापासून सांगा हं. आम्हाला आवडेल तुम्ही आलात तर."

बघा, पोरीने विचारलं होतं! तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. इरावतीबाई भूक लागली की 'वाढ ग, पोटात आग पडलीय' म्हणणाऱ्या. गार्गीच्या लेखी एकदा विचारून परत विचारणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या मागे लागणं होतं, तरी तिने विचारलं. मधुकररावांनी ते ऐकलं, ते आतून सुखावले, आणि आवाज जरा खाली आणून रीतसर म्हणाले, "अगं नको, खरंच. तुमचा तुमचा संसार, त्यात माझी कशाला अडगळ?"

दुसरंही झालं. आता तिसरं. आता मिहिर म्हणेल, बाबा, माझ्यासाठी. की आपण हात बाजूला घ्यायचा. वाक्य त्यांनी पाठ करून ठेवलं होतं.

मिहिर म्हणाला, "बघ गार्गी, मी सांगितलं नव्हतं?" मग बापाच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, एक सांगू? मला भीती वाटत होती की आमचं मन राखायला तुम्ही हो म्हणाल. तुम्ही सरळ नाही म्हणालात ना, बरं वाटलं. आपलं घर सोडवत नाही माणसाला, कळतं मला. परत हा विषय नाही काढणार आम्ही. प्रॉमिस."

"नाही, म्हणजे तसं नाही रे…" मधुकरराव म्हणाले.

"समजावून सांगायची गरजच नाही, बाबा. तुमचं आयुष्य आहे."

"हो, पण तुम्हाला जर…"

तेवढ्यात वेटर बिल घेऊन आला. छोट्या लाकडी पेटीत, बडीशेपेच्या शेजारी. मिहिरने कार्ड काढलं. वेटरने हसून विचारलं, "खाना कैसा था, सर?" आणि मिहिर म्हणाला, "व्हेरी नाइस," गार्गी म्हणाली, "नाइस, नाइस," आणि मधुकरराव म्हणाले, "बहुत बढिया." उपाशी पोटी तिघांनी मिळून त्या पोराचं कौतुक केलं आणि लिफ्टने खाली आले. खाली आल्यावर गार्गी म्हणाली, "बकवास होतं, नाही?" आणि मिहिर ओशाळून हसला. तोपर्यंत गाडी आली. सुनेने दार उघडून धरलं, मधुकरराव आत बसले, काच खाली करून काहीतरी बोलणार होते, पण मागून हॉर्न वाजायला लागले.

घाट उतरल्यासारखी गाडी वाटभर थांबत चालत होती. पवईला रस्ता खणलेला, सगळं तुंबलेलं. मधुकरराव मागच्या सीटवर बसून स्वतःला शिव्या घालत होते. अरे गाढवा, दोनदा विचारलं ना पोरीने? वाढलेलं ताट पुढ्यात होतं, तूच हात आडवा धरलास. कोणासाठी? कोण बसलंय आता तुला हावरट म्हणायला? त्या सगळ्या आत्या, काकू, सगळ्या पंगती कधीच उठून गेल्या. ते इतके चिडले की तोंडातून "मूर्ख!" असं बाहेर पडलं. ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

घरी आले. कुलूप काढलं. आत सकाळचा बंद वास, टेबलावर चहाचा कप जसाच्या तसा. त्यांनी चप्पलही काढली नाही. ठरलंच. काय लाजायचंय पोटच्या पोराशी? फोन लावायचा आणि सांगायचं की गार्गी, मला यायचंय. मला इथे एकट्याला करमत नाही. रात्री भीती वाटते. नको म्हणालो ते खोटं म्हणालो. दोन-तीनदा त्यांनी वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. जमत होतं. एवढी वर्षं कोणी सांगितलंच नाही की हे असं जमतं. त्यांनी फोन लावला.

"बाबा!" गार्गीचा आवाज नुसता फुलला होता. "पोचलात? मी आत्ता तुम्हालाच करणार होते. ऐका ना, आईला विचारलं. मघाशी, गाडीतूनच. म्हटलं बाबा नाही म्हणालेत, तर खोली रिकामी कशाला ठेवायची? तशीही ती घर शोधतेय. बाबा, माझं वाक्यसुद्धा पुरं नव्हतं झालं, म्हणते, 'येते. कधी येऊ?' मला तर रडूच आलं हो."

मधुकरराव खुर्चीत बसले.

"वा," ते म्हणाले. "वा, वा. छान झालं."

"पण तुम्हाला आधी विचारलं हं. मी मिहिरला म्हटलं होतं, पहिला मान बाबांचा. आईला नंतर. तुम्ही बोला, तुम्ही कशाला फोन केला होतात?"

"मी? मी आपला… पोचलो, तेवढं सांगायला."

"बरं केलंत. आई पुढच्या आठवड्यातच यायचं म्हणतेय."

"येऊ दे की," मधुकरराव म्हणाले. त्यांनी खाकरून घेतलं. "गार्गी, एक कर. त्यांचा पलंग खिडकीला लावू नका. दुपारचं ऊन थेट उशीवर येतं. दाराच्या उजव्या भिंतीला लावा, तिथे बरोब्बर बसतो. पंख्याचा वाराही तिथे लागतो. आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी एक छोटा दिवा लावून घ्या, रात्री उठलं की पाय अडकतो तिथे."



"बाबा," गार्गी हळूच म्हणाली, "तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"वास्तुशांतीला आलो होतो ना, तेव्हा बघितलं. सहज."

"बाबा, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं? आईला बोलावलं म्हणून?"

"छे ग!" मधुकरराव म्हणाले. "मला कसलं वाईट वाटतंय?"

"हुश्श," गार्गी म्हणाली, हसली, आणि तिने ते लगेच खरं मानलं.